डोंगरांना पायी वळसा

यवतमाळ, गुरुवार, २५ डिसेंबर १९५८

“या डोंगरांना एकदा पायी वळसा घालू आपण. सावकाश. घाई कसली?”

हे वाक्य तेवीस वर्षांपूर्वीचं. लग्नानंतर कारंज्याहून इकडे येताना, दारव्हा सोडल्यावर, आगगाडी इतकी हळू चालली होती की खाली उतरून बोरं वेचून परत चढता आलं असतं. खिडकीतून लांबवर निळे डोंगर दिसत होते. मी सतरा वर्षांची. बोट दाखवून विचारलं, त्यांच्या पलीकडे काय आहे? तेव्हा हे असं म्हणाले. मग वकिली सुरू झाली, सासूबाईंचं अंथरूण आलं, आणि डोंगर खिडकीतच राहिले. मी एकदा आठवण करून दिली होती. “आता काय आपलं ते वय आहे?” म्हणाले. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते.

आणि परवा, कोर्टाला नाताळची सुट्टी लागली त्या दिवशी, जेवताना एकदम म्हणाले, “सुमे, ते डोंगर राहिलेत. जायचं का?”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. बाई चाळिशी ओलांडते, केस पिकतात, आणि तिला कळतं की कुणीतरी तिला दिलेलं एक वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आज दिवसभर मी उगाच हसते आहे. तिळाच्या चटणीत मीठ दोनदा पडलं.

उद्या मोटारीने आर्णी. तिथून धनसिंगच्या तांड्यावर. शनिवारपासून चालायचं, रोज दोन-अडीच कोस, जास्त नाही. बुधवारी परत आर्णीला. तिथे धाकटे भावोजी आणि सुचित्रा त्यांच्या अनंताला घेऊन पुसदहून येणार आहेत. नवीन वर्षाला सगळे एकत्र, असं यांनी आधीच पत्राने ठरवलं आहे. मला या गोष्टी कधी सुचत नाहीत.

सामान बांधताना यांनी विचारलं, “तुझ्या पेनात शाई आहे ना?” दैनंदिनीची एवढी काळजी यांनी कधी केली नव्हती.

शनिवार, २७ डिसेंबर
डोंगराच्या पायथ्याशी, दुपारी

धनसिंग हा यांचा जुना पक्षकार. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा यांनी त्याला जिंकून दिला होता, तेव्हापासून दर दिवाळीला तुरीच्या डाळीचं गाठोडं घरी येतं. साठीच्या पुढचा असेल. याच्या बापाने ऐंशी बैल घेऊन याच वाटेने मीठ वाहिलं. आता हे लोक शेती करतात, पण वाट अजून याच्या पायात आहे. बरोबर त्याची बायको रुपीबाई, आरशांचा घागरा आणि कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आणि पवळ्या नावाचा म्हातारा बैल, पाठीवर दोन गोण्या. डाव्या गोणीत आमची अंथरुणं आणि कपडे, उजवीत पीठ, डाळ, भांडी.

यांच्या खांद्यावर मिलिटरीच्या लिलावातली खाकी पाठपिशवी. तिच्यात चहाचा डबा, दुर्बीण आणि कातडी फोल्डर.

“सुट्टीत कागद कशाला?” मी म्हटलं.

“एक मसुदा आहे. चाळून होईल.”

सकाळी निघालो तेव्हा कापसाच्या शेतांवर दव होतं. वेचणीच्या बाया वाकून वाकून पाहत होत्या, वकिलीणबाई पायी कुठे चालली म्हणून. तासाभरात माझ्या टाचा बोलायला लागल्या. रुपीबाईने मला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि धनसिंगला म्हणाली, “पाह्य रे बुढ्या, पाय होय का लोणी?”

“तुह्या पायासारखे दगडाचे कायले राहतीन ते?”

“याच दगडाच्या पायानं तुह्या घरी आली, ध्यानात ठेव.”

हे सुद्धा हसले. मग मला म्हणाले, “बस अजून थोडा वेळ. घाई कसली?”

तेच शब्द. मी साग पाहत बसले. वाळलेली पानं एकेक करून पडत होती, आणि प्रत्येक पान पडताना कुणीतरी जपून पाऊल टाकावं तसा आवाज येत होता.

रविवार, २८ डिसेंबर
डोंगरावरचा तांडा

आज चढ. खडकात दोन बोटं खोल घळी पडल्या आहेत. मला वाटलं पाण्याने. धनसिंग म्हणाला, “खुरं, बाई. शंभर वर्षं बैल चालले तं गोटा बी लोणी होते.” मी त्या घळीत पाय ठेवून चालले. बरोबर बसत होता.

दुपारी एक गोष्ट पाहिली, लिहून ठेवते. स्वयंपाकासाठी उजव्या गोणीतून पीठ आणि डाळ काढली, तशी धनसिंगने इकडेतिकडे पाहून एक चांगला वाटोळा दगड उचलला आणि त्या गोणीत टाकला. मग हाताने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या.

मी विचारलं, “आधीच म्हातारा बैल. त्याचं ओझं कमी झालं, तर पुन्हा दगड कशाला?”

“ओझ्यानं बैल मरत नाई, बाई. एका अंगाच्या ओझ्यानं मरते. पाठ सोलून निंगते त्याची. बाप म्हने, इकून काढलं तं तिकून भर. नसन भरासारखं तं दगड भर.”

हे म्हणाले, “ऐकलंस? याला म्हणतात न्याय.” आणि दोघे पुरुष हसले.

या तांड्यावर एक तरुण बाई धावत आली आणि रुपीबाईच्या गळ्यात पडून सुरात रडू लागली. यांच्यात भेटीची तशी रीत आहे. रडणं झालं की लगेच हसणं आणि चहा. तिचं नाव सुखी. कडेवर मूल. रुपीबाई म्हणाली, “हे माही पोट्टी.”

“तुमची? तुम्हाला तर मूल नाही म्हणाला होतात.”

“पोटची नाई. भाऊ मेला, भावजय दुसऱ्याच्या घरी गेली. मी गेली न् उचलून आनली.”

“दत्तक घेतली?”

रुपीबाईला शब्द कळला नाही. यांनी समजावून सांगितलं, कागद करतात, सही करतात. ती म्हणाली, “कागद कायले? पोट्टीले कागदावर झोपवा लागते का?”

हे हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

संध्याकाळी बाहेर बाजेवर बसलो असताना हे फार मऊ आवाजात म्हणाले, “सुमे, आपलं घर रिकामं वाटतं नाही?”

“आज काय हे?”

“अनंता हुशार आहे. पुसदला त्याचं काही होणार नाही. त्याला आपल्याकडे आणावं असं माझ्या मनात आहे. तुझी हरकत नाही ना?”

मला हसू आलं. शिकायला मूल आणायचं तर त्यात एवढं विचारायचं काय? सुचित्राचे तिन्ही मुलगे मला आवडतात, त्यात हा विशेष. माझ्या हातची शेवभाजी खाताना डोळे मिटतो. मी म्हटलं, “माझी कसली हरकत? लेखी देऊ का?”

यांनी माझ्याकडे क्षणभर विचित्र पाहिलं. मग माझा हात हातात घेतला. बाहेर, उघड्यावर, तांड्यातल्या दहा बाया पाहत असताना. मी लाजून चूर झाले. सुखी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसत होती.

मला वाटतं, माणसं उशिरा का होईना, एकमेकांजवळ येतात.

सोमवार, २९ डिसेंबर
माथ्यावर

आज फक्त दीड कोस. माथ्यावर सपाटी आहे, वाळलेलं गवत कमरेइतकं. एक रोही, म्हणजे नीलगाय, गवतातून चालली होती, आम्ही थांबलो तशी तीही थांबून आमच्याकडे पाहू लागली.

उत्तरेकडे खाली धूर दिसला. मी विचारलं, ते कुठलं धुराडं?

“दिग्रस,” धनसिंग म्हणाला. “जिनिंग चालू झाली नं आता.”

हे म्हणाले, “चला, ऊन चढतंय.”

मला हलवेना. त्या कापसाच्या जिनात वेणूचे वडील कारकून आहेत.

वेणूबद्दल या वहीत मी कधी लिहिलेलं नाही. माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली, त्रेचाळीस साली भाऊबीजेच्या दिवशी, आणि मागे ही राहिली. अकरा महिने माझ्याजवळ होती. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून मी तिला जगवली. मग तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि न्यायला आले. त्याआधी मी यांना म्हटलं होतं, आपण हिला दत्तक घेऊ. मी कधी काही मागत नाही, ते एक मागितलं. हे कागद लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “मुलगी दत्तक घेता येत नाही, सुमे. शास्त्रात नाही, कायद्यात नाही.” त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. कायदाच तसा. पावसाशी भांडतं का कुणी? वेणू बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करत गेली.

त्यानंतर तीनदा भेटले तिला. चौथीनंतर शाळा सुटली. पाठीवरची पाच सावत्र भावंडं तीच बघते. गेल्या वर्षी तिच्या वडिलांनी यांना पत्राने विचारलं होतं, लग्न उरकून टाकू का? यांनी लगेच कार्ड लिहिलं, “पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत थांबा, दिवाळीनंतर करा, नाहीतर कायद्यात बसणार नाही.” ते कार्ड मीच पेटीत टाकलं. मला यांचा केवढा अभिमान वाटला होता! स्वतःच्या नात्यातली नसताना, माझ्याकडची पोर, तिच्यासाठी यांनी एवढं केलं.

आता फाल्गुनात लग्न आहे. वर बिजवर आहे, चाळिशीचा. लग्न ठरल्याचं पत्रही यांनीच मला वाचून दाखवलं, आणि “खाऊनपिऊन सुखी राहील” म्हणाले.

रुपीबाई गवतात माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला थोडं सांगितलं. ती ऐकून घेते, मध्ये बोलत नाही. शेवटी धुराकडे पाहत म्हणाली, “दिग्रस कितीक दूर हाय तुमच्या गावाहून?”

“मोटारीने तीन तास.”

“मंग काहून नाई गेल्या?”

“घरचं सगळं होतं… सासूबाई… आणि तिचे वडील काय म्हणतील…”

“हं,” ती म्हणाली. गवताची एक काडी तोडून दातात धरली. बस, एवढंच. पण ते “हं” मला दुपारभर टोचत राहिलं.

मंगळवार, ३० डिसेंबर
अरुणावतीच्या काठी, सकाळी अकराच्या सुमारास

वही गुडघ्यावर धरून लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

डोंगर उतरून नदीवर आलो. पाणी मांडीइतकं, आणि खाली गोटे शेवाळलेले. हे म्हणाले, पाठपिशवी भिजेल. फोल्डर काढून त्यांनी धनसिंगजवळ दिला. “जप बुवा, महत्त्वाचा कागद आहे. कोरडा राहिला पाहिजे.” धनसिंगने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि मागून येणाऱ्या आम्हा दोघी बायांसाठी थांबला. हे धोतर खोचून पुढे गेले, काठी टेकत, सगळं लक्ष पायांकडे.

धनसिंग फोल्डर घेऊन सरळ माझ्याजवळ आला. “घ्या बाई.”

“माझ्याजवळ कशाला? त्यांनी तुम्हाला दिलाय.”

तो नवलाने पाहू लागला. “कागद बाईजवळच राहते. आमच्या तांड्यात जमिनीचे पट्टे, न्यायाचे कागद, समदे घरवालीच्या पेटीत. मानूस दारू पिते, हरवते, कोनाले बी देऊन टाकते. साहेबानं म्हनलं जप. जपनं म्हंजे तुमच्यापाशी.”

रुपीबाई म्हणाली, “घ्या नं! पान्यात उभं राहून पंचायत करता का?”

मी पदरात गुंडाळून, डोक्यावर धरून पार केला. पलीकडे हे लांब, वळणावर, सपाट जागा शोधत होते. फोल्डरच्या एका कोपऱ्याला थेंब लागले होते. पुसावं म्हणून उघडला. खरं सांगते, पुसावं म्हणूनच.

वरती यांच्या अक्षरातला मसुदा. दत्तकपत्र. घेणार सदाशिव, देणार धाकटे बंधू व त्यांची पत्नी सुचित्रा, मुलगा अनंत, जन्म १४ जानेवारी १९४४. आणि खाली: “दत्तक घेणाराची पत्नी सौ. सुमेधा हिने स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय संमती दिली आहे.” माझ्या नावापुढे जागा सोडली आहे. पेन्सिलीची छोटी फुली.

माझ्या अक्कलहुशारीबद्दल या घरात कुणी काही लिहिल्याची ही पहिलीच वेळ.

त्याखाली एक पातळ पुस्तक. हिंदू दत्तकाचा नवा कायदा, छप्पन सालचा, मराठीत. हे प्रत्येक पुस्तकावर घेतल्याची तारीख घालतात. पहिल्या पानावर आहे: १२ फेब्रुवारी १९५७.

मी वाचलं. मला कायद्याची भाषा येत नाही, पण हे सोपं होतं. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला दत्तक घेता येत नाही. त्याखाली तांबड्या शाईची रेघ. दत्तक जाणाऱ्याची पंधरा वर्षं पुरी झालेली नसावीत. तिथेही रेघ. आणि एका पानावर, मुलगा घेता येतो, मुलगी घेता येते, एक मुलगा आणि एक मुलगी दोन्हीही घेता येतात. तिथे रेघ नाही. समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं आहे, “वेणू – दिवाळी ५८?”

मी ते तीन शब्द किती वेळा वाचले माहीत नाही. नाव, सण, वर्ष, आणि प्रश्नचिन्ह. यांनी हिशेब करून ठेवला होता, पोरगी दत्तकाच्या वयाबाहेर कधी जाईल त्याचा.

पावणेदोन वर्षं! पावणेदोन वर्षं मी पावसाशी भांडत नव्हते, आणि पाऊस केव्हाच थांबला होता. मी रोज सकाळी चहा नेऊन टेबलावर ठेवत होते. त्याच टेबलावर हे पुस्तक होतं. मी त्याच्यावरची धूळही पुसली असेल.

आणि ते कार्ड. “पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत थांबा.” पंधरा पुरी झाली की मुलगी दत्तक जाऊ शकत नाही, आणि त्याच दिवसापासून लग्नाला चालते. मीच टाकलं पेटीत. पेटीचं झाकण घट्ट होतं, दोनदा दाबावं लागलं.

अनंताला संक्रांतीला पंधरा पुरी होतात. म्हणून हे डोंगर.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मी विचारलं. जेवणं उरकल्यावर, नदीच्या वाळूत, दोघंच असताना. मी फोल्डर मांडीवर ठेवून बसले होते, यांनी पाहिलं आणि चेहरा उतरला. मग धनसिंगवर ओरडले, “तुला कुणी सांगितलं होतं हिला द्यायला?” धनसिंग लांबून म्हणाला, “तुमीच तं म्हनलं, जप!” त्याला अजूनही आपलं काय चुकलं ते कळलेलं नाही.

“मी आज तुला सांगणारच होतो, सुमे.”

“हे पुस्तक कधी घेतलंत?”

“व्यवसायाचं पुस्तक आहे. घ्यावंच लागतं.”

“तारीख आहे त्यावर.”

यांनी काठीने वाळूत रेघ ओढली.

“त्यात मुलगी घेता येते असं आहे.”

“तिच्या बापाने दिली नसती.”

“विचारलंत?”

“काही गोष्टी विचारायच्या नसतात. घरचा मुलगा समोर असताना मुलगी आणायची, ती लग्न करून जायची, मग घराचं काय? आई असती तर काय म्हणाली असती?”

“समासात नाव लिहिलंत तिचं.”

यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “लिहिलं होतं,” एवढंच म्हणाले. मग काहीतरी सांगू लागले, थांबले, आणि आवाज चढवून म्हणाले, “आणि तू? तू तरी त्या पंधरा वर्षांत एकदा पुन्हा विचारलंस का? एकदा?”

हाच एक खरा प्रश्न यांनी मला आजवर विचारला असेल.

अंथरूण यांनी लांब घातलं आहे. मघा येऊन माझ्या पायांवर घोंगडी टाकून गेले. कशाला, तेही कळत नाही. सही करणारीचे पाय गारठू नयेत म्हणून असेल.

बुधवार, ३१ डिसेंबर
फाट्याजवळ, सकाळी

ऊन अजून कोवळं आहे. धनसिंग गोण्या लादतो आहे. पीठ संपलं, तीन दगड झाले आहेत उजवीकडे.

रुपीबाई पाणी घेऊन येताना माझ्याजवळ थांबली. काल तिने सगळं ऐकलं असणार, वाळूत आवाज लांब जातो. म्हणाली, “आता काय करता?”

“काय करणार?”

“तुमी रडता लय चांगलं, बाई. पन चालत नाई.”

मला राग आला. “चार दिवस चालतेच आहे की!”

“चालून राह्यल्या, पन त्याच्या मागं मागं. हे पाहा फाटा. इकडं आर्नी. तिकडं दिग्रस. चार कोस. जा नं.”

“एकटी? तिचे वडील म्हणतील, तुमचे साहेब कुठे आहेत? बाईमाणसाच्या मागण्यावर कोण मुलगी देतं?”

“मी आनली.”

“तुमच्यात चालतं.”

“आमच्यात बी नाई चालत,” ती म्हणाली. “भावजयीच्या नव्या दिरानं काठीनं मारलं होतं. हे पाहा.” बांगड्या वर सारून दाखवलं. हाड वाकडं जुळलं आहे. पाच दिवस तिचे हात मी पाहते आहे, बांगड्यांचं मला फार कौतुक वाटत होतं. मग ती घागर उचलून गेली.

ही वही आजवर कुणी वाचलेली नाही. आजचं हे पान मी फाडून फोल्डरमध्ये, दत्तकपत्राच्या वर ठेवणार आहे. म्हणजे यापुढचं तुम्हाला लिहिते आहे.

सही मी करीन. हे आधी लिहिते, म्हणजे मी अडवून मागते आहे असं तुम्हाला वाटू नये. अनंताने माझं काही घेतलेलं नाही. त्याला आपल्या घरात पुस्तकांनी भरलेली खोली मिळेल, शेवभाजी मिळेल, आणि मी त्याच्यावर माया करीन, कारण मला दुसरं काही येत नाही. काल नदीकाठी माझ्या मनात आलं होतं, तुम्ही गप्प बसून दिवस उलटू दिलेत तसे मीही उलटू देऊ शकते. पंधराच दिवसांचा प्रश्न. तापाचं निमित्त करायचं, माहेरी जायचं, संक्रांत झाली की झालं. मग अनंता माळ्यावर झोपलेला आठवला, पुस्तक तोंडावर घेऊन, आणि माझी मलाच भीती वाटली. तुमच्याजवळ तेवीस वर्षं राहून मी हे शिकले असेन तर ते माझ्याबरोबरच संपू द्या.

तुमचा प्रश्नही बरोबर होता. मी पुन्हा विचारलं नाही. तुमचं “घेता येत नाही” मला कुठेतरी सोयीचं झालं होतं. त्याच्या आडोशाला बसून रडता येत होतं आणि पुण्यही लागत होतं. मोटारीने तीन तास, आणि मी तीनदा गेले. हे मी तुमच्यावर घालत नाही.

पण बैलाची पाठ सोलते आहे. एका बाजूला तुम्ही मुलगा ठेवलात, घर ठेवलंत, नाव ठेवलंत. दुसरीकडे काहीतरी ठेवा. नसेल ठेवण्यासारखं, तर हा दगड ठेवा.

आर्णीला धनसिंगबरोबर सांगावा धाडा की आम्ही एक दिवस उशिरा येतो. भावोजी थांबतील, संक्रांत अजून दोन आठवडे दूर आहे. आणि तुम्ही माझ्याबरोबर दिग्रसच्या वाटेने चला. पायीच, सावकाश, चार कोस. तिच्या वडिलांच्या ओसरीवर बसा आणि स्वतःच्या तोंडाने म्हणा, हे लग्न थांबवा, मुलगी आम्हाला द्या. कायद्याची मुदत संपली, ठाऊक आहे मला. कागद नकोच. शाळेत घालू, आणि तिला वाटेल तेव्हा तिचं लग्न करू. ते विचारतील, आताच का? तर सांगा, माझ्या बायकोने पंधरा वर्षांपूर्वी मागितली होती, आणि नंतर कायद्याने घेता येत होती तेव्हा मी तिला सांगितलं नाही.

तुम्ही नाही म्हणाल. कसं म्हणाल तेही मला दिसतं आहे. पान वाचाल, घडी कराल, चष्मा काढून पुसाल आणि म्हणाल, “सुमे, सगळे तिकडे वाट पाहताहेत, आता मध्येच हे काय?” आणि आर्णीच्या वाटेला लागाल, आणि चार पावलांवर थांबून, मी मागून येते आहे का ते पाहाल.

तरी मागते. या फाट्यावर, एवढं एकदा, माझ्या बाजूला वळा.